दोन खिळ्यांमधलं अंतर

बाई मुळात गणिताच्या. सात वर्षं त्यांनी आठवी-नववीला समीकरणं शिकवली आणि त्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. पण भूविज्ञान शिकवणारे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, वेळापत्रक त्यांच्यापुढे सरकवलं. "आठवीचे हे चार तास तुम्ही घ्या. पुस्तक आहे ना? मुलांच्या एक धडा पुढे राहायचं, झालं."

बाई एक धडा पुढे राहिल्या. दोन वर्षं राहिल्या. खडकांचे तीन प्रकार, पृथ्वीचे थर, ज्वालामुखीची रंगीत खडूंनी काढलेली आकृती. मुलांना त्यांचा तास आवडायचाही. पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला की मात्र त्या अडायच्या. पण वेळ मारून नेण्याची कला कुठल्या शिक्षकाला येत नाही?

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. पुढचे दोन दात मोठे, आणि बाकावर बसल्याबसल्या सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तीही त्या नावाला ओ द्यायची. एका दुपारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या घराच्या मागे उतारावर लांबच लांब भेग पडलीय. माझी चप्पल उभी आत जाते. कशामुळे असेल?"

पस्तीस मुलं बघत होती. बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या, "ऊन लागलं की माती तडकते गं. पाऊस पडला की आपोआप बुजते. बस खाली."

खारूताई खाली बसली.

अकरा दिवसांनी, दोन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, भर दुपारी तो उतार खाली आला. घराची मागची भिंत आणि स्वयंपाकघर मातीखाली गेलं. खारूताई शाळेत होती, वडील कामावर होते. आजी चुलीपाशी होती. शेजाऱ्यांनी तिला दोन तासांनी जिवंत बाहेर काढलं, पण तिचा पाय मांडीपासून मोडला होता आणि ती पुन्हा धड चालू शकली नाही.

बाईंना कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलणार तरी काय? तो प्रश्न वर्गातली मुलं विसरूनही गेली होती. शाळेने पांघरुणं आणि भांडी गोळा केली, ती बाईंनीच नेऊन दिली. खारूताईचे वडील त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचा फार आधार वाटतो हो पोरीला."

बाई घरी आल्या आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसल्या.

तेव्हापासून भीतीने त्यांच्यात जे घर केलं ते केलंच.  भूविज्ञानाच्या तासाला पुस्तक हातात घट्ट धरून त्या ओळ न ओळ वाचून दाखवायच्या, आणि तास संपायला पाच मिनिटं उरली तरी थांबायच्या नाहीत, कारण थांबलं की कुणीतरी हात वर करणार. रस्त्याने जाताना त्या भिंती बघत चालायच्या. बसथांब्यामागच्या भिंतीला एक चीर होती, दवाखान्याच्या पायरीला एक होती. ही उन्हाची की ती दुसरी? त्यांना सांगता आलं नसतं. खारूताई दहा दिवसांनी परत आली, त्याच बाकावर बसू लागली. तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही. बाईंना सगळ्यात जास्त भीती त्या गप्प बसण्याची वाटायची.

त्याच वर्षी वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं: भूविज्ञान शिकवणाऱ्या, पण त्या विषयाचं शिक्षण न झालेल्या शिक्षकांनी भूविज्ञान-अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करावा. शाळा रजा देईल. मान्यता दोनच ठिकाणांना होती. पुढच्या शनिवारपर्यंत दोन्हींपैकी एकाचा अर्ज भरायचा होता.

पहिला अभ्यासक्रम विद्यापीठाचा, घरबसल्या. संगणकावर व्याख्यानं ऐकायची, चार पर्यायांतून एक उत्तर निवडायचं, दीड वर्षात पदवी. दुसरा सहा तासांवरच्या एका छोट्या अध्यापक महाविद्यालयाचा. वर्षभर तिथेच राहायचं. आठवड्यातले तीन दिवस बाहेर, दगडांच्या खाणीत, नदीकाठी, डोंगरउतारावर. आणि आजूबाजूच्या शाळांतली मुलं घेऊन तिथेच उभ्याने शिकवायचं. परीक्षाही तिथेच. मुलं विचारतील ते प्रश्न, हीच प्रश्नपत्रिका.

ते वाक्य वाचून बाईंनी पत्रक उलटं करून ठेवलं.

"यात विचार कसला करायचा?" नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर विहिरीसारख्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून आलेला माणूस घरी आल्यावर सोप्याच बाजूने बोलायचा. "पहिला घे. कागद मिळाल्याशी मतलब. पोरगी पाच वर्षांची आहे, तिला सोडून वर्षभर कुठे जातेस?"

सासूबाई खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून त्यांची मान कायमची डावीकडे कललेली होती. यंत्र न थांबवता त्या म्हणाल्या, "पोरीचं निमित्त नको. पोरीला मी सांभाळीन. याआधी तुझ्या बहिणीला नि तुला, दोघांना मीच सांभाळलंय. तिला काय हवंय ते तिला बोलू दे."

"मला पहिलाच बरा वाटतो, आई," बाई घाईघाईने म्हणाल्या.

सासूबाईंनी यंत्र थांबवलं, सुनेच्या तोंडाकडे बघितलं, आणि दोरा तोडून पुन्हा सुरू केलं.

पहिल्याचा अर्ज बाईंनी रविवारी सकाळी भरून ठेवला. प्रमाणपत्रांचे क्रमांक, फोटो, सही. वीस मिनिटांचं काम. पाठवायचा तेवढा बाकी होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत एक मूल धावताना पडलं म्हणून त्या शाळेच्या मागे गेल्या. तिथे स्वच्छतागृहांच्या वरच्या अंगाला उतार होता, उताराला धरून पाणी वाहायची सिमेंटची पन्हाळ होती. पन्हाळीच्या पलीकडे गवतात त्यांना एक रेघ दिसली. जवळ जाऊन गवत बाजूला केलं तर भेग. अंगठा जाईल एवढी रुंद आणि सात-आठ पावलं लांब. तिच्या बरोबर खाली पाचवीचे दोन वर्ग.

 बाई गवतातच खाली बसल्या. उन्हाची असेल. आठवडाभर ऊनच तर आहे. आपण उगाच घाबरतोय. हे सगळं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, आणि आपण खारूताईला सांगितलं नेमकं तेच बोलतोय हे लक्षात येऊन त्या उठल्या.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी विद्यापीठाच्या मार्गदर्शन क्रमांकावर फोन लावला आणि विचारलं, "तुमच्याकडे शिकलं तर उतारावरची भेग धोक्याची आहे की नाही, हे ओळखता येईल का?"

"हो तर, मॅडम," पलीकडचा तरुण गोड आवाजात म्हणाला. "तिसऱ्या सत्रात दरडींवर चाळीस मिनिटांचं व्याख्यान आहे. खाली मराठीत ओळीही येतात."

"पण मला आज..."

"आज नाही येणार मॅडम, तिसरं सत्र पुढच्या जानेवारीत उघडेल."

मग त्यांनी महाविद्यालयाच्या क्रमांकावर लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. शेवटी एका बाईमाणसाचा सर्दीने बसलेला आवाज आला. "बोला." तीच तिथली प्राध्यापिका होती. बाईंनी प्रवेशाबद्दल चार वाक्यं बोलून झाल्यावर, विषय बदलल्यासारखं करत, भेगेबद्दल सांगितलं.

"उताराला आडवी की उभी?"

"आडवी."

"रुंदी किती?"

"अंगठाभर."

"काल किती होती?"

"माहीत नाही."

"मग आपल्या दोघींना काहीच माहीत नाही," प्राध्यापिका नाक शिंकरत म्हणाल्या. "दोन लांब खिळे घ्या. भेगेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, खोल ठोका. दोन्हींमधलं अंतर मोजा, मिलिमीटरमध्ये. रोज, त्याच वेळेला. वाढ व्हायला लागली तर मला फोन करा. नाही झाली तर शनिवारी इकडे या, महाविद्यालय बघून जा."

"मला जमेल?"

"मोजता येतं ना? काय शिकवता तुम्ही?"

"गणित," बाईंच्या तोंडून निघालं.

त्या संध्याकाळी बाईंनी खिळे मागितले, तेव्हा नवऱ्याने आपल्या कामाच्या पिशवीतून दोन दणकट खिळे आणि पोलादी पट्टी काढून दिली. "ही घे. तुझ्या शाळेच्या पट्ट्या टोकाशी झिजलेल्या असतात."

मंगळवारी सकाळी बाईंनी खिळे ठोकले. अंतर भरलं दोनशे बारा मिलिमीटर. वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहून त्यांनी खाली रेघ मारली.

बुधवारी दोनशे बारा. बाईंच्या जिवात जीव आला. त्या दिवशी त्यांनी पोरीला गोष्ट सांगितली, जेवल्याही पोटभर.

गुरुवारी त्या पट्टी लावून वाकलेल्या असताना मागे गवत वाजलं. खारूताई उभी होती. काही न बोलता तिने पुढे होऊन पट्टीचं दुसरं टोक खिळ्याला टेकवून धरलं.

"दोनशे चौदा," बाई म्हणाल्या. पुन्हा मोजलं. दोनशे चौदाच.

"आमच्याकडे पण आधी अशीच होती," खारूताई म्हणाली.

कितीतरी आठवड्यांत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती. बाईंना वाटलं, आत्ता नाही बोललं तर जन्मात बोलता येणार नाही. "मी तुला चुकीचं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला येत नव्हतं."

"माहितीय." खारूताई पट्टीकडेच बघत होती. "तुम्ही फळ्याकडे बघून सांगितलंत. तुम्हाला येत असलं की तुम्ही आमच्याकडे बघता."

 बाईंनी विचारलं, "मग बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, बाई म्हणाल्या ना, मग झालं तर."

तिने पट्टी सोडली, हात फ्रॉकला पुसले आणि घंटा झाली तशी पळत गेली. तिने माफ केलं होतं की नव्हतं, ते तिच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळपासून पाऊस लागला आणि शुक्रवारी पहाटे थांबला. बाई शाळा भरायच्या तासभर आधी पोचल्या. गवत ओलं, पाय घसरत होता. पट्टी लावली. दोनशे एकोणीस.

 तिथूनच त्यांनी फोन लावला.

"आकडे सांगा," प्राध्यापिका म्हणाल्या. चारही आकडे त्यांनी लिहून घेतले. "आधी काही नाही, मग दोन, मग पाच. वेग वाढतोय. उद्या इकडे येऊ नका. आज त्या वर्गांतली मुलं हलवा."

"पण उतार येईलच खाली, असं नक्की आहे का?"

"नाही."

"मग मी मोठ्या बाईंना काय सांगू?"

"हेच," प्राध्यापिका म्हणाल्या, "की नक्की माहीत नाही."

मोठ्या बाई नुकत्याच येऊन छत्री झटकत होत्या. बाईंनी वही त्यांच्या टेबलावर उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "पाच मिलिमीटर? अहो, माझ्या चष्म्याची काडी याहून जाड आहे! दोन वर्ग उठवून सभागृहात बसवायचे, पालकांना चिठ्ठ्या पाठवायच्या, गावभर बोभाटा करायचा, आणि उद्या काही झालं नाही म्हणजे? लोक आपल्याला वेड्यात काढतील."

 बाईंनी टेबलाची कड धरली. नेहमीसारखं खिडकीकडे बघत बोलायचा मोह होत होता. त्यांनी मान वळवली नाही. "काढू देत," त्या म्हणाल्या. "मला नक्की काही माहीत नाही, मोठ्या बाई. पण मी मोजलंय. मागच्या वेळी एका मुलीने मला अशाच भेगेबद्दल विचारलं होतं. मी तिला सांगितलं, उन्हाने पडलीय. ती मुलगी आठवीत आहे. तिच्या आजीचा पाय तुम्हाला माहितीय."

 बाहेर मुलांचा गलका वाढत होता, पाचवीची मुलं दप्तरं आपटत वर्गात शिरत होती. 

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"भीती वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटतेय."

मोठ्या बाईंनी चष्मा चढवला, शिपायाला हाक मारली आणि पाचवीच्या दोन्ही वर्गांना सभागृहात बसवायला सांगितलं. स्वच्छतागृहांच्या वाटेवर दोर बांधला. मग नगरपालिकेला फोन लावून त्या अशा काही आवाजात बोलल्या की दुपारी तीनच्या आत अभियंता दारात हजर.

अभियंत्याने पन्हाळीशेजारी खणायला लावलं. खाली जुनी जलवाहिनी फुटलेली होती. कुणास ठाऊक किती महिने पाणी उतारात मुरत होतं. "उतार येईल की नाही ते मीही छातीठोकपणे सांगणार नाही," तो चिखलाचे बूट दगडावर घासत म्हणाला, "पण खोल्या रिकाम्या केल्यात ते बरं केलंत. पाणी बंद करतो. तुमचे ते खिळे काढू नका."

त्या रात्री बाईंच्या पोटात अन्न जाईना. आपण बरोबर असलो तर उतार खाली येणार. चूक असलो तर शाळाभर हसं होणार. यातलं काय व्हावं असं आपल्याला वाटतंय, हेही त्यांना कळेना, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

शनिवारी सकाळी त्यांनी संगणक उघडला. विद्यापीठाचा भरलेला अर्ज समोर होता; एक कळ दाबायची होती. नवरा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. सासूबाईंचं यंत्र आज बंद होतं.

"मी तिथे जाते," बाई म्हणाल्या. "लांबच्या ठिकाणी."

"तू ते बघितलंही नाहीस अजून," नवरा म्हणाला. "आणि तिथे रोज असल्याच जागी उभं करतील तुला. कालपासून घास उतरत नाहीये तुझा. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

"इथे राहिले तरी घोर आहेच. तिथे निदान कुणाला तरी विचारता येईल."

 कपातला चहा निवून त्यावर साय धरली. मग तो म्हणाला, "पोरीला दर पंधरा दिवसांनी घेऊन येईन. सहा तास म्हणजे काही फार नाहीत."

"मला पण न्या रे," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठे कोण नेतं?"

दुसरा अर्ज भरायला दुपारचे दोन वाजले, कारण त्यात प्रमाणपत्रांखेरीज एकच गोष्ट विचारली होती: हा विषय शिकवताना तुमच्याकडून झालेली एक चूक लिहा. बाईंनी दीड पान लिहिलं. दोनदा खोडलं. पाठवला.

उतार खाली आला नाही. पाणी बंद झाल्यावर भेग आणखी तीन दिवस वाढली, दोनशे तेवीसवर थांबली आणि मग थांबलेलीच राहिली. पाचवीचे वर्ग महिन्याभराने परत गेले. काही पालकांनी नाकं मुरडली, आणि चित्रकलेच्या सरांनी बाईंना ‘भेगामावशी’ म्हणायला सुरुवात केली ती बराच काळ चालली. पाणी बंद केलं नसतं तर काय झालं असतं, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. बाईंना त्याची सवय करून घ्यावी लागली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती वही आणि पोलादी पट्टी खारूताईकडे दिली. नवऱ्याने एकदा पट्टीकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं होतं, पण नको म्हणाला नव्हता. खारूताईने वही चाळली. "रोज मोजायचं?"

"रोज नको आता. आठवड्यातून एकदा. आणि कुणालातरी बरोबर ने, एकटीने जायचं नाही. वाढलं की मोठ्या बाईंना सांग."

"आणि त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर मला फोन कर."

खारूताईने वही दप्तरात टाकली. जाताना वळून तिने विचारलं, "बाई, आमच्या नव्या घरामागे काहीच नाहीये, सपाट आहे. तरी आजी मागच्या खोलीत झोपत नाही. का?"

"भीती वाटत असेल."

"हो, पण का? तिथे उतारच नाहीये."

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला नाही माहीत गं."

महाविद्यालयातल्या पहिल्या आठवड्यात बाई दोनदा खाणीच्या तोंडाशी जाऊन परत फिरल्या. तिसऱ्या वेळी प्राध्यापिका त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सर्दी अजून तशीच. त्यांनी आत चला म्हटलं नाही की धीरही दिला नाही. वरच्या कडेकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "इथून काय दिसतंय तेवढं सांगा."

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि सांगायला सुरुवात केली. वर लाल माती, दोन हात. खाली पिवळसर, भुसभुशीत. त्याखाली काळा खडक, त्यात उभ्या चिरा, एक, दोन, तीन. डाव्या बाजूला एक सुटलेला दगड.

"त्या दगडाखाली उभ्या राहाल?"

"नाही."

"मग कुठे?"

बाईंनी जागा दाखवली. दोघी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. दुपार होईपर्यंत बाईंची नजर त्या सुटलेल्या दगडावरून हलली नाही.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. पोरीने आधी तो हिसकावून घेतला आणि आजीने तिला हिरवा झगा शिवलाय, त्याला दोन खिसे आहेत, एकात चिंचोके आहेत नि दुसरा अजून रिकामा आहे, हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

मग नवरा म्हणाला, "कशी आहेस? गेली का भीती?"

"नाही."

"मग येतेस परत?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी तुम्ही नक्की या. आणि आईंनाही आणा, गाडीत खिडकीची जागा द्या त्यांना."